भुरू शांत आहे

रायपूर,
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

विहीणबाई दीपमालाताईंना मीराबाईचा सप्रेम जयभीम.

परवा फोनवर मी तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या. सोनियाची सूज उतरली का, दवाखान्याची तारीख कधी, आणि तुम्ही जेवलात का. तिन्हीला तुम्ही ‘हो हो, छान छान’ म्हणालात. तेव्हाच ठरवलं की तुमच्या कानातलं ते यंत्र शिट्ट्या मारायचं थांबेपर्यंत आपलं बोलणं कागदावर. प्रशिक दर शनिवारी बायकोला भेटायला तुमसरला येणारच आहे, तो टपाल नेईल-आणेल. जावई म्हणून त्याचा तेवढा तरी उपयोग करून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे आणि मी ती मोडणार नाही. पण खरं सांगू का, मला राग आला आहे. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मराठी घरांतली निम्मी पोरं माझ्या पायांवर अंघोळ करून मोठी झाली. कोणाकडे पाळणा हलला की पहिला निरोप मला. आणि माझ्या स्वतःच्या नातवंडाला पहिलं तेल लावणार तुम्ही! माझे हात नुसते बसून आहेत.

नाही म्हणायला सोनिया जाताना एक लेकरू माझ्या ओटीत टाकून गेली आहे. तिचा ससा. नोव्हेंबरात अभनपूरला ह्यांच्या मित्राच्या, बाबारावांच्या शेतात धान कापायचं मशीन चाललं होतं, हे बघायला गेले होते. बांधावरच्या गवतात मुठीएवढं पिल्लू एकटंच बसलेलं. आई कुठेच दिसेना. ह्यांनी गमछ्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. बाजारात मिळतो तो पांढरा पाळीव ससा नाही हा. रानातला आहे, मातकट, इकडे खरहा म्हणतात तो. सोनियानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं आणि भुरू नाव ठेवलं. थंडीत कूलर रिकामाच असतो, त्यात गवत पसरून त्याचं घर केलं आहे.

निघताना मला म्हणते, “आई, याले काही करू नका. गवत द्या, पाणी द्या, बस. हात लावला का लई घाबरते तो.” मी म्हटलं, “हव बाई.” आता तुम्हीच सांगा, लेकरू कसं सांभाळायचं हे मला शिकवून राहिली!

डिंकाचे लाडू पाठवते आहे. तिला द्या, तुम्हीच संपवू नका.

तुमची विहीण,
मीराबाई


तुमसर,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

मीराताईंना दीपमालाचा जयभीम.

लाडू पोचले. दोन मी खाल्ले, लपवत नाही. हात बसून आहेत म्हणता, तर इकडे या, भांडी घासायला माणूस हवंच आहे.

सूज आहे. रक्तदाबही चढला आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की हिच्या मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. नवरा दारात उभा असतो आणि ही आधी विचारते, भुरू कसा आहे? म्हणून सांगून ठेवते, त्या सशाचं काही कमी-जास्त झालं तर बाळ येईपर्यंत कळू देऊ नका.

माझ्या कानाची थट्टा करता ते ठीक आहे. शाळेत मास्तरीण होते तेव्हा मागच्या बाकावरची कुजबूज मला फळ्याकडे तोंड करून ऐकू यायची. आता दारात ढोल वाजला तरी कळत नाही. सोनियाला वाटतं की डावाच कान गेला आहे. मी तिच्या ओठांकडे बघून निभावून नेते. तिला तसंच वाटू द्या. हे तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला फोनवरून कळलंच होतं.

दीपमाला


रायपूर,
शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

दीपमालाताई, जयभीम.

इकडे थंडी मी म्हणते आहे. आणि माझ्या हातांना काम मिळालं आहे.

भुरूच्या अंगाला वास यायला लागला होता. शिवाय थंडीत लेकराच्या अंगाला तेल नको का? मी पाटावर बसले, पाय लांब केले आणि त्याला पायांवर आडवा घेतला. तिळाचं तेल कोमट केलं होतं. आधी मेला असा धडपडला की माझ्या मनगटावर ओरखडा काढला. मी सोडते की काय! पाठ, पोट, पाय, कान, सगळं चोळून काढलं. आणि ताई, पाणी घातलं मात्र, एकदम गप्प. डोळे उघडे ठेवून पायांवर पडून राहिला, हूं नाही की चूं नाही. असं गुणी लेकरू मी या हातांखाली पाहिलं नव्हतं.

हे दारात येऊन उभे. “अवं, तो का पोट्टा आहे? काहून तेल लावून राहिली त्याले?”

मी म्हटलं, “तुम्ही नुसता आणून टाकला, वाढवून मी राहिले. तुम्ही पेपर वाचा.”

मग ओव्याची धुरी दिली, शेगडीवर हात तापवून शेकलं, जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलं. एकच खोड आहे त्याला. दिवसभर दबून बसतो आणि अंधार पडला की कूलरच्या पत्र्यावर पाय आपटत राहतो. शेजारची दीदी दोनदा विचारून गेली, घरी काय ठोकता म्हणून. शेवटी मी सहाण काढली. वेखंड, हळकुंड आणि झोपेसाठी जायफळ, दुधात उगाळून चाटवलं. तेव्हापासून आवाज नाही. माझ्या गुटीला अजून कोणी हरवलेलं नाही.

सोनियाला सांगा, भुरू शांत आहे.

मीराबाई


तुमसर,
रविवार, २९ डिसेंबर २०२४

मीराताई, जयभीम.

तुमचं पत्र मी सोनियाला वाचून दाखवलं, पण सगळं नाही. अंघोळीचं गाळलं, तुम्हालाही ती ओरडली असती आणि मलाही. ‘भुरू शांत आहे’ एवढंच वाचलं. तिनं डोळे मिटून मान हलवली. काल रात्री जरा झोपली म्हणते.

आता माझं एक काम करा. ती गुटी मला शिकवा. काय काय लागतं आणि कशाचे सहाणेवर किती वेढे द्यायचे, ते लिहून पाठवा. जायफळाचं नक्की लिहा. बाळ रात्री शांत झोपायला हवं. सोनियाला विश्रांती नको का? माझ्या घरात सहाण आहे, पण सोनिया झाली तेव्हा सगळं माझ्या सासूबाईंनी केलं होतं. मी शाळेत होते. खरं म्हणजे मला बाळाचं काहीच येत नाही, हे कोणाला सांगू नका.

तुमच्या हातगुणावर भरवसा ठेवून आहे.

दीपमाला


रायपूर,
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

दीपमालाताई, जयभीम.

सोबत स्टीलच्या डबीत गुटीचं सगळं भरून दिलं आहे. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, सुंठ, खारीक, बदाम, जायफळ. बाकी सगळ्याचे दोन वेढे, जायफळाचा एकच. एकच, बरं का. बाळ झाल्यावर लगेच नको.

थंडीनं बोटं आखडली आहेत, जास्त लिहीत नाही. गेल्या रविवारी विहारातही गेले नाही.

भुरू शांत आहे. काळजी नसावी.

मीराबाई


तुमसर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आजीबाई झालात! जयभीम, जयभीम!

पोरगी आज बारा दिवसांची झाली. प्रशिकनं फोटो दाखवले असतील, पण फोटोत काही नाही. नाक तुमचं आहे. रंग आमचा घेतला, हे बरं केलं. रडते तेव्हा तोंड अगदी चौकोनी करते. सोनियाचं रक्तदाबाचं अजून आहे, पण उतरतं आहे. अंघोळ मी घालते, वाकडीतिकडी. तुमची आठवण रोज निघते, यात खोटं काही नाही.

आणि ताई, तुमची गुटी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. आजकालच्या डॉक्टरांना काय कळतं? सोनिया सकाळी अंघोळीला गेली की मी हळूच चाटवते. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. एका वेढ्यानं ती मध्येच उठायची, म्हणून आता जायफळाचे तीन करते. काय झोपते म्हणून सांगू! पाजायला उठवावं लागतं. दोन घोट घेते की पुन्हा डोळे मिटले. सोनिया म्हणते, किती शांत बाळ आहे. मी मनात म्हणते, रायपूरचा हातगुण आहे.

आता भुरूबद्दल जरा ऐसपैस लिहा. सोनिया दर शनिवारी विचारते आणि तुम्ही एका ओळीत आटपता. तिला वाचून दाखवायला माझ्याकडे काही नसतं.

दीपमाला


रायपूर,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, दुपार

दीपमालाताई,

ती डबी आधी घराबाहेर फेका. बाळाला दवाखान्यात न्या आणि डॉक्टरीणबाईंना सांगा की जायफळ दिलं आहे, किती दिवस आणि किती वेढे. लपवू नका. ते करून या आणि मग पुढचं वाचा.

तुमचं कालचं पत्र प्रशिकच्या बॅगेतून आज सकाळी निघालं. मी वाचलं आणि सोनियाला फोन केला. म्हटलं, बाळाला गुटी द्यायची नाही. ती म्हणाली, “आई, डॉक्टरनं मना केलं ना, कोणी देतच नाही.” मी तुमचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की प्रशिक पोचेपर्यंत पोरीला कोणाच्या हाती देऊ नको, घटकेघटकेला उठवून पाज, आणि उठली नाही तर कोणाची वाट न बघता दवाखाना गाठ. ती घाबरली. घाबरली तर घाबरू दे. प्रशिकला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं हे पत्र देऊन पाठवते आहे. तुम्ही वाचेपर्यंत त्याला तुमच्या समोर उभं राहायला सांगितलं आहे.

आता ऐका. भुरू गेला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात गेला. मी तुम्हाला ‘शांत आहे’ लिहिलं तेव्हा तो आमच्या डाळिंबाखाली पुरलेला होता.

दुसऱ्या अंघोळीनंतर त्यानं गवत खाणं कमी केलं. मला वाटलं, दुधानं पोट भरत असेल. मग लेंड्या बंद झाल्या, पोट टम्म फुगलं. मी काय केलं असेल? पोराचं पोट फुगलं की जे करते तेच केलं. बेंबीवर हिंग लावला आणि गुटीचा वेढा वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मान टाकली होती. ह्यांनी स्कूटर काढली. सदर बाजारात गाड्यांची ही गर्दी, हे हॉर्न वाजवून राहिले आणि मी पदराखाली त्याला धरून बसलेली. मध्येच मला त्याचे पाय आपटल्यासारखे वाटले. मी ह्यांना म्हटलं सुद्धा, “जिता आहे, चला लवकर!” गाडी खड्ड्यातून गेली होती, तेवढंच.

जनावरांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, सोनियाच्याच वयाची. तिनं तपासलं, तेव्हा तो अजून थोडा धुगधुगत होता. मी तिला सगळं सांगितलं आणि वर कौतुकानं म्हटलं की अंघोळ घालताना इतका शांत राहायचा. ती म्हणाली, “माँजी, वो शांत नहीं था. डर के मारे सुन्न हो जाता था.”

रानातल्या सशाला आपण धरलं की त्याला वाटतं आता हा मला खाणार, म्हणून तो निपचित पडतो. पाण्यानं त्याच्या अंगातली ऊब जाते. चोळलेलं तेल तो चाटून पोटात घेतो. गाईचं दूध त्याला झेपत नाही. आणि जायफळानं एवढ्याशा जिवाला गुंगी येते, मग खाणं थांबतं. सशाचं खाणं थांबलं की आतडं थांबतं आणि मग काही करता येत नाही. असा ससा घरी ठेवायला कायद्यानं मनाई आहे, जंगल खात्याला तेव्हाच कळवायचं होतं, असंही म्हणाली. ह्यांनी हळूच विचारलं, “इसकी माँ तो थी नहीं ना?” तर ती म्हणाली की आई दिवसा मुद्दाम पिल्लापासून लांब राहते, कुत्र्या-कोल्ह्याला वास लागू नये म्हणून, आणि दिवेलागणीला येऊन पाजते. ती तिथेच कुठेतरी असणार. हे बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हापासून अभनपूरला गेलेले नाहीत.

तो तिच्या टेबलावरच गेला. प्रशिकनं आणि ह्यांनी त्याला डाळिंबाखाली ठेवलं. मी प्रशिकला शपथ घातली, सोनियाला सांगशील तर बघ.

इथपर्यंत चूक होती, ताई. पुढचं चूक नाही, पाप आहे. जायफळाचं ऐकलं तेव्हाच माझ्या ओठांवर आलं होतं की बाई, लहान बाळालाही असंच होतं का? मी तो प्रश्न गिळला. विचारला असता तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि मग मला तुमची डबी भरता आली नसती. घरी येऊन हात धुतले आणि त्याच आठवड्यात डबी भरली. ती सशाबद्दल बोलली, बाळाबद्दल नाही, असं मनाला बजावत राहिले. बाळ तुमच्या घरी, अंघोळ तुमच्या हातची. त्या पोरीच्या अंगी माझं म्हणून काही लागावं, असं मला वाटलं. ‘गुटी नको’ लिहिलं तर ‘का नको’ हेही लिहावं लागलं असतं. म्हणून ‘एकच वेढा, बरं का’ असं लिहून मी स्वतःला सोडवलं.

विहारात दर रविवारी बायकांना पंचशील मी सांगते, त्या माझ्या मागून म्हणतात. पहिलंच शील जीव न मारण्याचं. त्या आठवड्यापासून मी शेवटच्या चटईवर बसते आणि नुसते ओठ हलवते.

बाळाचं काय ते प्रशिकच्या फोनवरून लगेच कळवा. मी फोन हातात धरून बसले आहे.

मीराबाई


तुमसर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

मीराताई,

फोनवर कळलंच आहे, तरी लिहिते. पोरगी बरी आहे. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. वजन घटलं होतं, कारण झोपेत दूध ओढतच नव्हती. आता ओढते. डॉक्टरीणबाई माझ्यावर इतक्या रागावल्या की त्यांचे ओठ वाचावे लागले नाहीत, चेहऱ्यावरूनच कळलं.

तुमचं पत्र वाचून आधी मला तुमचा संताप आला. प्रशिकच्या समोरच मी डबी अंगणात भिरकावली. मग जायफळ उचलायला वाकले तर त्याची घासलेली बाजू दिसली. एका वेढ्याचे तीन तुम्ही केले नव्हते, मी केले होते.

सोनियाला विश्रांती मिळावी म्हणून, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला रात्री बाळ ऐकू येत नाही, मीराताई. ते शेजारी पडून रडत असलं तरी ऐकू येत नाही. पहिल्या रात्री मी त्याला घेऊन झोपले, सोनियाला म्हटलं, तू आराम कर, मी आहे ना. दिवा लावला तेव्हा पोरगी चौकोनी तोंड करून रडत होती, चेहरा काळानिळा झालेला. कधीपासून रडत होती, मला माहीत नाही. सोनियाला कळलं असतं की आई ठार बहिरी आहे, तर तिनं बाळ माझ्याजवळ ठेवलं नसतं. म्हणून मला न रडणारं बाळ हवं होतं. बाळ रडलंच नाही तर मी बहिरी आहे हे कळणार कोणाला?

दवाखान्यात मी सोनियाला सगळं सांगितलं. माझे कान, जायफळ आणि भुरूसुद्धा. भुरूचं ऐकून तिला धक्का बसेल म्हणून मी तिचा हात धरला होता. ती म्हणाली, “आई, मले माहीत होतं.” प्रशिकनं तिला त्याच शनिवारी सांगितलं होतं. “मग दर शनिवारी काहून विचारत होतीस?” तर म्हणाली, “रायपूरच्या आईंनी एकदा तरी खरं सांगावं म्हणून. मी वाट पाहून राहिली होती.”

आणखी एक म्हणाली, तेही लिहिते, आता गाळणार नाही. म्हणाली, “पोट्टीले घेऊन मी रायपूरला जाणार नाही. आन इथंही ती रात्री माझ्याच कुशीत झोपीन. तुम्ही दोघी गोड बोलता आन लपवता.” मी तिची समजूत घातली नाही. कोणत्या तोंडानं घालणार?

दीपमाला


रायपूर,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

दीपमालाताई, जयभीम.

हे पत्र सोनियाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा.

सोनिया, तू बरोबर बोललीस. पोरीला इकडे आणू नको, तुझं मन होईपर्यंत आणूच नको. मी बोलावणार नाही आणि प्रशिककडून वशिलाही लावणार नाही. भुरूला हात लावू नका म्हणाली होतीस. माझे हात रिकामे होते, म्हणून मी लावला. त्याला तेल नको होतं, मला लावायचं होतं.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी पुढे जाऊन उभी राहिले. सगळ्या बायकांना भुरूचं सांगितलं, डबीचं सांगितलं आणि नातीला दवाखान्यात ठेवावं लागलं तेही सांगितलं. म्हटलं, मी तुमच्या घरी येऊन शिकवलेली जायफळाची गुटी बंद करा. एकदम गलका झाला. जिच्या तिन्ही पोरांना मी न्हाऊ घातलं ती म्हणाली, “बाई, आमचे पोट्टे त्याच्यावरच मोठे झाले, आता काहून भेव दाखवून राहिल्या?” एक मात्र उठून उभी राहिली. तिचं दुसरं बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं, खूप वर्षांपूर्वी. त्याला मी गुटी दिली होती की नाही, मला आठवत नाही. तिनंही विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि चप्पल घालून निघून गेली. सोनिया, हे आता मला जन्मभर पुरणार आहे.

आता मला कोणी निरोप पाठवत नाही. ते ठीकच आहे.

मीराबाई


रायपूर,
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

विहीणबाईंना मीराबाईचा जयभीम.

तुमची रवानगी पोचली. सोनिया आणि आपली नात रमा सुखरूप आहेत. मी बोलावलं नव्हतं. प्रशिक स्टेशनवरून दोघींना घेऊन आला तेव्हा मी दारातच उभी होते आणि हात मागे बांधून घेतले होते, न जाणो, सवयीनं पुढे जातील. सोनिया चप्पल काढता काढता म्हणाली, “घ्या ना आई, वजनदार झाली ती.” मग घेतली.

उन्हाळा सुरू झाला. सगळ्या पाऱ्यात कूलर लागले, आमचाच तसा पडून आहे. हे त्याला हात लावत नाहीत. काल सोनियानंच तो घासला. गवताच्या काड्या निघाल्या, त्या तिनं डाळिंबाखाली नेऊन टाकल्या. ह्यांना म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी बांधावर काही दिसलं तर तिथंच राहू द्या, आन संध्याकाळपर्यंत दूर उभे राहून पाहा.” ह्यांनी मान हलवली. रविवारी अभनपूरला जातो म्हणाले.

अंघोळ मीच घालते, सोनिया समोर स्टूल घेऊन बसते. हा तिचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे. चार थेंब तेल आणि कोमट पाणी. ना धुरी, ना शेक, सहाण माळ्यावर गेली. ती समोर बसते याचं मला आधी वाईट वाटायचं. आता ती उठून आत गेली तर मीच हाक मारते, “बस ना बाई, कुठे चालली?”

तुम्हाला माहीत आहे, माझ्या पायांवर आलेलं पोर गप्प होतं, ही माझी केवढी मिजास होती. आता उलटं झालं आहे. रमा रडते तोवर माझा जीव भांड्यात असतो. मध्येच ती गप्प होते, पाण्याकडे टक लावून बघत राहते, आणि माझे हात थांबतात. मला पायांवर तो दिसतो, उघड्या डोळ्यांचा. मग मी तिच्या तळव्याला गुदगुली करते. ती कुरकुरली की पुढचा तांब्या घालते. सोनिया हे स्टुलावरून बघते.

तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं की घर आता फार शांत वाटतं, आणि बहिरीला शांतता खुपावी याचं तुम्हालाच हसू येतं. मला नाही हसू आलं. पुढच्या शनिवारी प्रशिक तुम्हाला आणायला येतो आहे. इथल्या कानाच्या डॉक्टरकडे नाव घातलं आहे, सोनिया सोबत असेल, आता लपवायला काही उरलं नाही. तोवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी लिहून कळवते: मी हे लिहिते आहे तेव्हा रमा आतल्या खोलीत रडून राहिली आहे. तोंड चौकोनी करून, अगदी घसा फाटेस्तोवर. शेजारची दीदी विचारायला आली, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं, काही नाही, पोरगी बरी आहे.

तुमची,
मीराबाई